फायटर, विझार्ड आणि लिंबूटिंबू : क्लासचा तोल कसा साधतात

फासे, कागद, पेन्सिल आणि गप्पा एवढ्यावर चालणारे खेळ कसे रचतात, हे आपण या मालिकेत बघतोय. आजचा विषय आहे क्लासचा तोल. चार जण चार वेगळ्या प्रकारची पात्रं घेऊन एका टेबलाभोवती बसले, तर चौघांनाही आपण खेळलो असं वाटावं, यासाठी नियमांतच काय व्यवस्था करायची, हा आजचा प्रश्न.

लहानपणी गल्लीत खेळताना कुणाचं तरी धाकटं भावंड मागे लागायचं. त्याला खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य द्यायचं नाही. तो आउट झाला तरी आउट नाही. त्याला आपण लिंबूटिंबू म्हणायचो. तो पळायचा, ओरडायचा, पण तो असला काय आणि नसला काय, खेळात फरक पडायचा नाही. पाच वर्षांच्या पोराला ते चालतं. नोकरी, घर, ट्रॅफिक यातून आठवड्याचे तीन तास बाजूला काढून आलेल्या मोठ्या माणसाला चालत नाही. आपल्यापैकी अनेक जण इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळुरू, दिल्ली असे विखुरलेले आहोत. मराठीत खेळणारे चार जण मिळणं आणि चौघांना जमेल अशी एक संध्याकाळ सापडणं हेच मुळात कठीण. त्यातला एक कंटाळून यायचा थांबला की टेबल मोडतं. म्हणून हा विषय नुसत्या आकडेमोडीचा नाही.

नवीन आलेल्यांसाठी दोन शब्द. क्लास म्हणजे पात्राचा पेशा. डंजन्स अँड ड्रॅगन्स या सगळ्यात प्रसिद्ध खेळात फायटर म्हणजे लढवय्या, विझार्ड म्हणजे पोथी घेऊन मंत्र शिकणारा जादूगार, क्लेरिक म्हणजे देवाच्या कृपेने जखमा भरणारा, आणि रोग म्हणजे (आजार नव्हे!) कुलपं उघडणारा, दबक्या पावलांनी फिरणारा. गोष्ट सांगणाऱ्या आणि राक्षस चालवणाऱ्या खेळाडूला तिकडे डंजन मास्टर म्हणतात, मी त्याला सूत्रधार म्हणते. आज सगळी उदाहरणं याच खेळातून घेऊ, कारण पन्नास वर्षांत या एका खेळाने तोलाचे जवळजवळ सगळे उपाय करून पाहिले आहेत.

पहिला उपाय : आधी सोसा, मग मिरवा

हा खेळ १९७४ साली अमेरिकेत आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. दोघंही छोट्या शिशाच्या सैनिकांनी लढाया खेळणाऱ्या मंडळींतले. पहिल्या खेळात क्लास तीनच होते : लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक. चोर पुढच्या वर्षी, म्हणजे १९७५ च्या पुरवणीत आला.

त्या काळात तोल साधायची कल्पना काय होती, ते १९७८ च्या खेळाडूंच्या पुस्तकात नीट दिसतं. पहिल्या लेव्हलच्या जादूगाराला चार बाजूंच्या एका फाशाएवढे हिट पॉइंट. म्हणजे एक पडला, तर मांजराने ओरबाडलं तरी संपला. चिलखत घालायचं नाही. दिवसाला मंत्र एक. मंत्र म्हणताना कुणी वार केला तर तोही वाया. फायटरकडे मात्र दहा बाजूंचा फासा, अंगभर चिलखत आणि हवी ती तलवार. पण जादूगार तगला आणि पाचव्या लेव्हलला पोचला, की अग्निगोळा टाकायला लागायचा. प्रत्येक लेव्हलला एक सहा बाजूंचा फासा, आणि घेरात जितके शत्रू सापडतील तितक्यांना.

शिवाय प्रत्येक क्लासला लेव्हल चढायला लागणारे अनुभवाचे गुणही वेगळे होते. दुसऱ्या लेव्हलला चोर १,२५१ गुणांत पोचायचा, फायटर २,००१ गुणांत, जादूगाराला २,५०१ लागायचे. वरवर पाहता हिशेब चोख वाटतो. जो पुढे बलवान होणार, त्याने सावकाश चढावं. पण तोच तक्ता खाली वाचत गेलात की भलतंच दिसतं. नवव्या लेव्हलला फायटरला २,५०,००१ गुण लागतात आणि जादूगाराला १,३५,००१. म्हणजे जिथे जादूगाराला आवरायला हवं, नेमकं तिथे तो पुढे पळतोय.

त्याला उतारा म्हणून फायटरला नवव्या लेव्हलला वेगळी गोष्ट मिळायची. त्याने गढी बांधली की शिपाई त्याच्याकडे चाकरीला यायचे. तो जहागीरदार व्हायचा. ही कल्पना मला आवडते, कारण त्यात फायटरची ताकद तलवारीबाहेर जाते. पण बहुतेक टेबलांना गढी सांभाळण्यात रस नव्हता. त्यांना पुढची गुहा हवी होती. गुहेत फायटरच्या जहागिरीचा उपयोग शून्य.

या सगळ्या व्यवस्थेचं गृहीत असं होतं की वर्षभरात तोल आपोआप साधेल. सुरुवातीचे सहा महिने जादूगाराने सोसायचे, पुढचे सहा महिने फायटरने. पण माणूस वर्षाच्या सरासरीवर खेळत नाही. तो आज संध्याकाळी खेळतो. आणि ज्यांचा खेळ चार महिन्यांत बंद पडतो, त्यांच्या वाट्याला तर निम्माच हिशेब येतो.

दुसरा उपाय : सगळ्यांना एकच शिडी

२००० साली तिसरी आवृत्ती आली. जोनाथन ट्वीट, माँटी कुक आणि स्किप विल्यम्स यांनी ती रचली. त्यांनी अनुभवाचा तक्ता सगळ्यांसाठी एकच केला. समजायला सोपं, वागायला न्याय्य. आणि जादूगाराचे जुने जाच कमी केले. मार लागला तरी फासा टाकून मंत्र वाचवता येऊ लागला. पहिल्या लेव्हलपासून मंत्र कागदावर लिहून साठवता येऊ लागले, त्यामुळे दिवसाला अमुक इतकेच मंत्र, हे बंधनही सैल झालं.

एकेक बदल वेगळा पाहिला तर बरोबरच आहे. मंत्र वाया जाणं कुणालाच आवडत नाही. पण ते जाच म्हणजे गाडीचे ब्रेक होते. ते काढले आणि इंजिन तेच ठेवलं. फायटरची वाढ बेरजेने होत राहिली : थोडा नेम सुधारला, एक वार वाढला. जादूगाराची वाढ गुणाकाराने : मंत्रांची संख्या वाढली, प्रत्येक मंत्राची ताकद वाढली, आणि नवे मंत्र नवी कामं करू लागले. याच आवृत्तीत ड्रुइड नावाचा निसर्गपूजक क्लास पहिल्या लेव्हललाच सोबत लांडगा घेऊन यायचा. स्वतः मंत्र म्हणायचा आणि त्याचा लांडगा पुढे लढायचा. शेजारी बसलेल्या फायटरने काय करायचं?

रचना करणाऱ्यांनी इथून एक धडा घ्यावा. नियम काढण्याआधी तो कशाला धरून ठेवत होता ते बघा. त्रासदायक वाटणारा नियम अनेकदा दुसऱ्या कुणाच्या तरी पानातला घास राखत असतो.

तिसरा उपाय : सगळ्यांच्या पानात तेच वाढा

२००८ ची चौथी आवृत्ती या प्रश्नाला सरळ भिडली. सगळ्या क्लासना एकसारखा साचा दिला. काही करामती कितीही वेळा, काही प्रत्येक लढाईत एकदा, काही दिवसातून एकदा. फायटरलाही आणि विझार्डलाही. शिवाय प्रत्येक क्लासला लढाईतलं एक काम नेमून दिलं : शत्रूला आपल्यावर ओढून घेणारा, जबर मार देणारा, बाकीच्यांना सावरणारा, आणि मैदान ताब्यात ठेवणारा.

तोल साधला का? लढाईपुरता बराच साधला. फायटर पहिल्यांदाच खरा अडसर झाला. त्याने खूण केलेल्या शत्रूने दुसऱ्या कुणावर हल्ला केला तर फायटर त्याला फटका देऊ शकायचा. सूत्रधारालाही लढाया बेतणं सोपं गेलं. आणि तरीही खूप खेळाडू नाराज झाले. तक्रार एकच : सगळे क्लास सारखे वाटतात. मंत्र असो की तलवार, हातात तेच तीन प्रकारचे पत्ते.

ही तक्रार मला खोटी वाटत नाही. पंगतीत सगळ्यांना सारखं वाढणं आणि सगळ्यांचं पोट भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साधा फायटर घेणाऱ्या कित्येकांना तो साधा होता म्हणूनच हवा होता. दिवसभर ऑफिसात डोकं शिणवून आल्यावर त्यांना बारा करामतींतून निवड नको होती. त्यांना तलवार उपसायची होती.

चौथा उपाय : दिवसाचा हिशेब

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने मधला रस्ता काढला. फायटर दिवसभर सारख्याच जोमाने लढतो, थोड्या विश्रांतीत त्याच्या खास करामती परत येतात. विझार्डची मोठी अस्त्रं मोजकी, आणि ती मुख्यतः रात्रीच्या झोपेनंतर परत येतात. आता आपण थोडी आकडेमोड करू. कागद घ्या.

पाचव्या लेव्हलचा फायटर. ढाल आणि लांब तलवार, ताकदीचा बोनस ४, सरावाचा ३. समोरच्याला लागायला एकूण १५ हवेत. म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर ८ किंवा जास्त पडायला हवेत, ती शक्यता ६५ टक्के. तलवारीचा आठ बाजूंचा फासा सरासरी साडेचार, अधिक ४, म्हणजे साडेआठ. दोन वार. साडेआठ गुणिले दोन गुणिले ०.६५, साधारण ११. एका फेरीत ११ इतका मार. विश्रांतीनंतर एकदा तो त्याच फेरीत दुप्पट वारही करू शकतो.

आता पाचव्या लेव्हलचा विझार्ड. त्याचा अग्निगोळा म्हणजे सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी २८. धरू की निम्मे शत्रू अंग चोरून अर्धाच मार खातात, म्हणजे प्रत्येकी सरासरी २१. दोन शत्रू घेरात सापडले तर ४२. असे अग्निगोळे दिवसात दोन, आणि मधल्या विश्रांतीत एक परत मिळवता येतो, म्हणजे तीन. बाकीच्या फेऱ्यांत तो कधीही न संपणारा आगीचा छोटा बाण मारतो. त्याचा मार तोच ६५ टक्क्यांचा हिशेब लावून साधारण ७. त्याचे लहान मंत्र स्वतःच्या बचावाला गेले असं धरू.

दिवसात चार फेऱ्यांची एकच लढाई झाली तर? फायटर : चार फेऱ्यांचे ४४, दुप्पट वाराचे ११, एकूण ५५. विझार्ड : दोन अग्निगोळ्यांचे ८४, दोन बाणांचे १४, एकूण ९८. फायटर जवळजवळ निम्म्यावर.

आता त्याच दिवशी चार-चार फेऱ्यांच्या सहा लढाया आणि मध्ये दोन विश्रांत्या. फायटर : २४ फेऱ्यांचे २६४, तीनदा दुप्पट वाराचे ३३, एकूण २९७. विझार्ड : तीन अग्निगोळ्यांचे १२६, उरलेल्या २१ फेऱ्यांचे १४७, एकूण २७३. फायटर पुढे!

नियम तेच, पात्रं तीच. फक्त दिवसात किती लढाया झाल्या यावर कोण वरचढ ते ठरलं. सूत्रधाराच्या पुस्तकातही सहा ते आठ मध्यम किंवा कठीण लढाया आणि दोन छोट्या विश्रांत्या, असाच दिवस धरला आहे. पण तीन तासांच्या बैठकीत तुमच्याकडे किती लढाया होतात? एक. फार तर दोन. आणि त्यानंतर पात्रं झोपतात. म्हणजे खेळ ज्या दिवसासाठी तोलला होता, तो दिवस आपल्या टेबलावर उगवतच नाही.

यावर उपाय सोपा आहे. बैठक संपली म्हणून गोष्टीतला दिवस संपवू नका. आज दुपारी थांबा, पुढच्या रविवारी त्याच दुपारपासून सुरू करा. गोष्टीला घड्याळ लावा : पहाटेआधी पूल ओलांडायचाय, पुराचं पाणी चढतंय, वऱ्हाड उद्या निघणार आहे. मग झोपायचं की नाही हा खेळाडूंचा खरा निर्णय होतो. तुमची गोष्ट संथ चालीची असेल, तर त्याच पुस्तकात एक पर्यायी नियम आहे : छोटी विश्रांती एका रात्रीची, मोठी विश्रांती सात दिवसांची. मग आठवड्यात सहा लढाया झाल्या तरी पुरे.

आकडे जुळले, तरी

इथे थांबलो असतो तर विषय अर्धाच झाला असता. माझ्या टेबलावर एक मुलगी नवव्या लेव्हलची फायटर खेळायची. मी मार मोजून ठेवते, त्यात तिचा आकडा सगळ्यांच्या वर असायचा. तरी तीन-चार बैठकांनंतर ती म्हणाली, "ताई, माझी पाळी आली की हाक मार. तोवर मी चहा टाकते."

त्या दिवशीची वही नंतर चाळली. किल्ल्यातल्या कैद्याला सोडवायचं होतं. कैदी कुठे आहे ते विझार्डने मंत्राने पाहिलं. तट मंत्राने उडून ओलांडला. पहारेकऱ्याला मंत्राने भुलवलं. परतीची वाट मंत्राने काढली. शेवटी एक लढाई झाली आणि ती तिने गाजवली. पण कुठे जायचं, कसं जायचं, कधी निघायचं, यातला एकही निर्णय तिच्या पात्रामुळे शक्य झाला नव्हता. लढाईत पहिला नंबर आणि बाकी गोष्टीत लिंबूटिंबू. चहा मात्र तिने फक्कड केला होता.

तेव्हा तोलाचा खरा प्रश्न मार किती हा नाही. कुणामुळे गोष्ट वळली, हा आहे. आणि इथे विझार्डला फायदा नेमका कुठून मिळतो ते बघा. त्याचे मंत्र खात्रीचे असतात. रोग तट चढणार : फासा टाक. पहाऱ्याजवळून सरकणार : फासा टाक. कुलूप उघडणार : परत फासा टाक. प्रत्येक वेळी जमण्याची शक्यता ६५ टक्के धरली, तर तीनही जमण्याची शक्यता ०.६५ गुणिले ०.६५ गुणिले ०.६५, म्हणजे साधारण २७ टक्के. आपल्या पेशात तरबेज असलेला माणूस चारातून तीनदा फसतो. विझार्ड उडतो, फासा नाही. अदृश्य होतो, फासा नाही. सूत्रधार नकळत एकाला तीनदा परीक्षेला बसवतो आणि दुसऱ्याला थेट पास करतो.

पाचव्या आवृत्तीत यावर काही शहाणे उपाय आहेत. कुलूप उघडायचा मंत्र आहे, पण तो म्हटला की दारावर थाप मारल्यासारखा आवाज होतो आणि ३०० फुटांपर्यंत, म्हणजे ९० मीटरवर ऐकू जातो. विझार्ड दार उघडू शकतो, पण गुपचूप उघडायचं तर रोगच हवा. एका ओळीने रोगची जागा राखली. उडण्याचा मंत्र टिकवायला एकाग्रता लागते, आणि एका वेळी असा एकच मंत्र धरता येतो. उडताना बाण लागून एकाग्रता मोडली तर खाली. आणि २०१४ च्या नियमांत अकराव्या लेव्हलच्या रोगला त्याच्या सरावाच्या कामात दहाच्या खाली काही पडलं तरी दहाच धरतात. म्हणजे त्यालाही खात्री मिळते. हे तिन्ही नियम माराचा एक आकडाही बदलत नाहीत, आणि तोल मात्र सुधारतात.

तोल न साधता जमवणारे

काही खेळांनी सरळ कबूल केलं की जादूगार भारीच असणार. १९८७ चा आर्स मॅजिका हा खेळ बघा. कर्ते जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हेगन. हो, तेच ट्वीट, जे पुढे तिसऱ्या आवृत्तीत होते. या खेळात जादूगार इतरांपेक्षा उघड उघड ताकदवान आहेत. पण प्रत्येक खेळाडूकडे एक जादूगार असतो, एक साथीदार असतो, आणि शिपाई सगळ्यांचे मिळून असतात. आज तुझा जादूगार मोहिमेवर निघाला तर मी माझा साथीदार किंवा एखादा शिपाई घेते. पुढच्या वेळी उलट. पात्रं असमान, खेळाडू समान. आपल्याकडे राज्य आळीपाळीने येतं, तसंच.

२००२ च्या बफी द व्हँपायर स्लेयर खेळाचा मार्ग वेगळा. तिथे काही पात्रं अचाट ताकदीची आणि काही साधे मित्र. पण साध्या मित्रांना नाट्यगुण जास्त मिळतात. ते खर्चून ऐन वेळी प्रसंग फिरवता येतो. ताकद एकाकडे, गोष्टीची दोरी दुसऱ्याकडे. दोघांनाही करण्यासारखं काहीतरी आहे.

तुम्ही खेळ रचताय?

मग क्लास कागदावर उतरवताना पाच प्रश्न विचारा. हे काम या क्लासशिवाय दुसऱ्या कुणाला तितकंच चांगलं जमतं का? ते करायला काय मोजावं लागतं : वेळ, वस्तू, धोका? किती वेळा करता येतं? करताना खात्री आहे की फासा? आणि लढाई नसेल तेव्हा या क्लासचा खेळाडू काय करतो? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर क्लास अजून अर्धा आहे, मग त्याचा मार कितीही असो.

नंतर चाचणी. माराची नोंद ठेवाच, पण एक वेगळा तक्ताही करा. डावीकडे खेळाडूंची नावं. पुढे तीन रकाने. पहिला : या खेळाडूच्या निर्णयाने गोष्ट किती वेळा वळली? दुसरा : सलग किती वेळ तो नुसता बसून होता? तिसरा : त्याच्या क्लासचं ठरलेलं काम दुसऱ्याच कुणी किती वेळा उरकलं? हा तक्ता भरायला न खेळणारा एखादा मित्र बसवा. खेळता खेळता मोजणं जमत नाही. आणि एकाच लेव्हलला चाचणी करून थांबू नका. पहिल्या, पाचव्या, अकराव्या आणि सतराव्या लेव्हलला वेगळ्या बैठका घ्या. पाचव्या आवृत्तीत साधारण याच टप्प्यांवर पात्रांची झेप बदलते, आणि तोल बहुतेकदा अशा सांध्यांवरच निसटतो.

तक्त्यात तिन्ही रकाने सगळ्यांचे सारखे यायला हवेत असं मुळीच नाही. काहींना मागे बसून ऐकायला आवडतं. त्यांना विचारा. पण एखाद्याचा पहिला रकाना सलग तीन बैठका रिकामा असेल आणि तिसरा भरलेला, तर तिथे नियम दुरुस्त करायला घ्या.

दुरुस्ती करताना बलवानाचं काढून घेण्याआधी दुसऱ्याला काही देता येतं का ते बघा. फायटरला गोष्टीत वजन द्या. त्याने पाहताक्षणी किल्ल्याचा कच्चा कोपरा ओळखावा. शिपायांनी त्याच्याशी मोकळेपणी बोलावं, कारण तो त्यांच्यातलाच. आणि हे सूत्रधाराच्या मर्जीवर न सोडता नियम म्हणून लिहा : दिवसातून एकदा, कुठलाही तट किंवा फौज पाहून सूत्रधाराला एक प्रश्न विचार, खरं उत्तर मिळेल. फासा नाही. तसाच रोगच्या तीन परीक्षांऐवजी सगळ्या घुसखोरीची एकच परीक्षा ठेवा, आणि ती फसली तर मोहीम संपण्याऐवजी अडचण वाढू द्या.

माझ्या टेबलावर फायटरला हा प्रश्नाचा नियम दिल्यावर पुढच्याच बैठकीत तटाचा कच्चा कोपरा तिने शोधला, आणि विझार्डने उडण्याचा मंत्र राखून ठेवला. चहा त्या दिवशी विझार्डवाल्याने केला. साखर जरा जास्त होती.

पुढच्या भागात आपण राक्षसांच्या बाजूने बघू : लढाई किती अवघड आहे हे आधी कसं ओळखायचं, आणि चार पात्रांसाठी बेतलेली लढाई ऐन वेळी तीनच जण आले तर कशी आवरायची. तोवर तुमच्या पुढच्या बैठकीत तो तीन रकान्यांचा तक्ता भरून बघा. भेटू.